कालनिर्णयवरचं वजन

'हार्ट फेल' म्हटलं की आपल्याकडे माणूस गेला असाच अर्थ होतो. त्यामुळे गेल्या वर्षी पावसाळ्यात डॉक्टरांनी मामांच्या बाबतीत 'हार्ट फेल्युअर' हा शब्द उच्चारला आणि मामी तिथेच खाली बसली. मामा समोर कॉटवर बसून चहा मागत होते!

खरं तर हृदय बंद पडलेलं नसतं, पंप कमजोर झालेला असतो. प्रवाह कमी पडला की मूत्रपिंडांना वाटतं अंगात पाणीच कमी आहे, आणि ती मीठ-पाणी धरून ठेवतात. मग पाय सुजतात, फुप्फुसात पाणी साचतं, रात्री आडवं झालं की दम लागतो. उपाय म्हणून इतर औषधांबरोबर लघवीची गोळी. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ होती: पाणी दीड लिटर, मीठ कमी, गोळ्या वेळेवर.

मामी तांब्या मोजून पाणी द्यायला लागली. लोणचं-पापड बंद. तरी तीन महिन्यांत मामा पुन्हा अॅडमिट. कार्डावर पुन्हा तीच ओळ.

इथे माझं इंजिनिअरचं डोकं फिरलं. स्पेसिफिकेशन दिलंय, पण मोजायचं काय आणि कशाने? दिवसभरात किती प्यायलं हे कोण मोजणार, आमटी धरायची की नाही? त्यापेक्षा वजन सोपं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत काट्यावर उभं राहायचं. रातोरात किलोभर चरबी चढत नाही, चढतं ते पाणीच.

मी उत्साहात अॅप लिहायला घेतलं. (आयटीवाल्याला दुसरं काय सुचणार?) मामांनी ते दोन दिवस वापरलं आणि कालनिर्णयवर, मामीच्या दुधाच्या हिशेबाखाली, पेन्सिलीने वजन लिहायला लागले.

महिन्याने मी त्या पानासमोर उभा राहिलो आणि हसूच आलं. शुक्रवारी ६७.८, मग रोज थोडं थोडं वर, बुधवारी ६९.५. पुढच्या शुक्रवारी पुन्हा खाली. दर आठवड्याला तेच. मामा चाकणला एका व्हेंडरकडे सीएनसी सेक्शनचे सुपरवायझर, सुट्टी गुरुवारची.

"मामा, गुरुवारी तुम्ही वेगळं काय करता?"

"गोळी घेतो."

"आणि बाकीचे दिवस?"

मामा गप्प. मग म्हणाले, "अरे, फर्स्ट शिफ्टची बस मोशीच्या पुढे ट्रॅफिकमधे अडकली की मी काय करू? उतरू कुठे?"

झालं! गोळी तासाभरात काम सुरू करते, आणि तो तास मामांचा बसमधला. दोनदा अॅडमिट होऊन हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं विचारलं. डॉक्टरांनी पान बघितलं आणि गोळी शिफ्ट सुटल्यावर घरी येऊन घ्यायला सांगितली. इतकंच.

शिवाय त्यांनी कागदावर लिहून दिलं: तीन दिवसांत दोन किलोच्या वर वजन गेलं किंवा दम वाढला तर जादा गोळी किती, किती दिवस, आणि फोन करायचा. चक्कर आली, वजन फार उतरलं, जुलाब झाले तर जादा गोळी नाही, आधी फोन. मधूनमधून पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची तपासणी. दोन किलोचा हा नियम डॉक्टरांच्या मनचा नाही. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या २०२१ च्या सूचनांमधेही आहे, आणि रुग्णाने स्वतः डोस वाढवायला तिथे वाव दिलेला आहे.

गंमत म्हणजे मामांचं वजन ज्या संथपणे चढत होतं, ते या दोन किलोच्या नियमात कधीच अडकलं नसतं. आकडे ओळीने लिहिले होते म्हणून दिसलं.

माझं म्हणणं एवढंच की पेशंटच्या हातात नुसती तंबी देऊ नका, काटा द्या आणि मर्यादेत निर्णय घ्यायची मुभा द्या. लगेच कुणीतरी म्हणेल, सामान्य माणूस चुकेल. अहो, घरोघरी लोक साखर बघून डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे इन्सुलिन कमी-जास्त करतातच की. आणि आपल्या या पट्ट्यातला ऑपरेटर तर रोज दर काही पार्टनंतर माप घेऊन चार्टवर ठिपका देतो. मामा नव्या पोरांना सांगतात, पार्ट रिजेक्ट होईपर्यंत थांबायचं नसतं, ट्रेंड दिसला की ऑफसेट द्यायचा. मायक्रॉनचा निर्णय ज्याच्यावर सोपवतो त्याला एक गोळी झेपणार नाही?

त्या दीड लिटरचंही बघा. नेदरलँड्समधे प्रकृती स्थिर असलेल्या ५०४ रुग्णांवर 'फ्रेश-अप' नावाची चाचणी झाली, निकाल २०२५ मधे आले. दीड लिटरचं बंधन असलेले आणि नसलेले, तीन महिन्यांनी तब्येतीत ठळक फरक नाही. बंधनवाल्यांना तहानेचा त्रास मात्र जास्त. याचा अर्थ वाट्टेल तेवढं प्या असा नाही, सोडियम कमी झालेल्यांची किंवा नुकतेच अॅडमिट झालेल्यांची गोष्ट वेगळी. पण सगळ्यांच्या कार्डावर एकच आकडा का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. आम्ही विचारलं. मामांना आता उन्हाळ्यात शॉपवर थोडी सूट आहे.

असो. अॅप पडून आहे. मामीने दुधाचा हिशेब वेगळ्या वहीत हलवलाय, चौकटीत आता जागा पुरत नाही म्हणते.