विश्लेषण : अंडाशयाच्या कर्करोगाला खात्रीची चाळणी चाचणी नाही, मग निदान वेळेवर कसे होणार?

नवी दिल्ली : भारतीय स्त्रियांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाखालोखाल अंडाशयाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या ‘ग्लोबोकॅन २०२२’ अंदाजानुसार त्या वर्षी देशात या आजाराच्या सुमारे ४७ हजार नव्या रुग्णांची भर पडली, तर सुमारे ३३ हजार स्त्रियांचा मृत्यू झाला. या दोन आकड्यांमधील अंतर कमी आहे आणि चिंतेचे कारण नेमके तेच आहे. आजार अंडाशयापुरता मर्यादित असताना उपचार झाल्यास दहापैकी सुमारे नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. प्रत्यक्षात मात्र बहुतांश रुग्णांचे निदान कर्करोग पोटात पसरल्यानंतर, म्हणजे तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात होते.

तपासणी मोहिमेत समावेश का नाही?

केंद्र सरकारच्या असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी केली जाते. अंडाशयाचा कर्करोग त्यात नाही. त्यामागे उपेक्षा नसून शास्त्रीय कारण आहे. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत रक्तातील ‘सीए-१२५’ या घटकाची तपासणी आणि सोनोग्राफी यांचा उपयोग पडताळून पाहण्यात आला. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या अंतिम निष्कर्षांनुसार, या तपासण्यांमुळे आजारातील मृत्यूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही.

‘सीए-१२५’ची पातळी मासिक पाळी, गरोदरपण, एंडोमेट्रिऑसिस आणि क्षयरोगातही वाढते. उलट, सुरुवातीच्या टप्प्यातील अनेक रुग्णांमध्ये ती सामान्य असते. त्यामुळे कोणताही त्रास नसलेल्या स्त्रीने आरोग्य तपासणीच्या ‘पॅकेज’चा भाग म्हणून ही चाचणी केल्यास अनाठायी भीती किंवा खोटा दिलासा, यांपैकी काहीही पदरी पडू शकते. पॅप स्मीअर तपासणी आणि एचपीव्ही लस यांचा संबंध गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी आहे. अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान वा प्रतिबंध त्यांतून होत नाही, हेही अनेकींना ठाऊक नसते.

लक्षणे साधी, पण नवी आणि सातत्याची

या आजाराला ‘मूक’ म्हटले जाते. ते पूर्णतः खरे नाही. पोट फुगणे, ओटीपोटात किंवा पोटात दुखणे, थोडे खाताच पोट भरल्यासारखे वाटणे आणि वारंवार किंवा घाईची लघवी होणे ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत. ती अपचन, गॅस किंवा वाढत्या वयाच्या खात्यावर टाकली जातात. लक्षणे अलीकडच्या काही महिन्यांत नव्याने सुरू झाली असतील आणि महिन्यातून बारापेक्षा अधिक दिवस जाणवत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे आवश्यक ठरते. अशा वेळी ‘सीए-१२५’ आणि सोनोग्राफी उपयुक्त असतात. रजोनिवृत्तीनंतर होणारा रक्तस्राव आणि विनाकारण घटणारे वजन यांकडेही दुर्लक्ष करू नये.

भारतात आणखी एक अडचण आहे. पोटात पाणी होणे, वजन घटणे आणि ‘सीए-१२५’ वाढणे हे चित्र पोटाच्या क्षयरोगातही दिसते. पेशींची तपासणी न करता केवळ अंदाजाने क्षयरोगाची औषधे सुरू झाली, तर मोलाचे महिने वाया जातात. कर्करोग समजून क्षयरुग्णावर मोठी शस्त्रक्रिया होण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. दोन्ही बाजूंनी चूक टाळण्याचा मार्ग म्हणजे ऊतींची तपासणी.

जोखीम माहेरच्या दोन्ही बाजूंनी

बहुतेक रुग्ण पन्नाशीच्या आसपास किंवा त्यापुढील असतात. सर्वसाधारण स्त्रीला आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता एक ते दोन टक्के असते. ‘बीआरसीए-१’ जनुकात दोष असल्यास ती सुमारे ४० टक्क्यांपर्यंत, तर ‘बीआरसीए-२’मध्ये साधारण १० ते २० टक्क्यांपर्यंत जाते. हा दोष वडिलांकडूनही येतो. म्हणून डॉक्टरांना कौटुंबिक इतिहास सांगताना आई आणि मावशीइतकाच आत्येचा आणि आजीचा आजारही सांगायला हवा.

अभिनेत्री अँजेलिना जोली यांच्या आईचे या आजाराने निधन झाले होते. स्वतःमध्ये ‘बीआरसीए-१’चा दोष आढळल्यानंतर त्यांनी २०१५ मध्ये अंडाशय आणि गर्भनलिका काढून घेतल्या. हा निर्णय अपत्यप्राप्तीनंतर आणि समुपदेशनानंतरच घ्यायचा असतो. मात्र जोखीम घटवण्याचा तो सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार अनेकदा गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतो, हे आता स्पष्ट झाले आहे. त्यामुळे अन्य कारणाने गर्भाशय काढताना गर्भनलिकाही काढण्याची पद्धत अनेक देशांत रूढ होत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झाली आहे. हे प्रमाण पाहता, नसबंदीच्या वेळी नलिका केवळ बांधण्याऐवजी काढता येतील का, हा प्रश्न भारतासाठी विशेष महत्त्वाचा आहे.

उपचार : पहिली शस्त्रक्रिया निर्णायक

शस्त्रक्रिया आणि कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल ही केमोथेरपी हा उपचारांचा पाया आहे. शस्त्रक्रियेनंतर पोटात डोळ्यांना दिसणारी गाठ शिल्लक न राहणे हा रुग्णाच्या भवितव्यावर परिणाम करणारा मोठा घटक असतो. त्यामुळे संशयास्पद गाठ ‘साधी सिस्ट’ समजून स्थानिक रुग्णालयात काढण्यापूर्वी स्त्री-कर्करोग शल्यविशारदांचा सल्ला घेणे हिताचे असते. ओलापॅरिबसारख्या औषधांनी, विशेषतः बीआरसीए दोष असलेल्या रुग्णांमध्ये, आजार परतणे लांबवले आहे. मात्र दीर्घकाळ घ्यावी लागणारी ही औषधे अनेक कुटुंबांना परवडत नाहीत.

आयुष्मान भारत योजनेतून पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोग डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. त्यामुळे केमोथेरपीसाठीची पायपीट कमी होऊ शकेल. पण निदानाला होणारा विलंब केवळ केंद्रे उभारून संपणार नाही. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी या लक्षणांची दखल घेणे, सोनोग्राफी आणि तज्ज्ञांकडे पाठवण्याची सोय तालुका पातळीवर असणे आणि निदान झालेल्या रुग्णांची जनुकीय चाचणी सार्वजनिक खर्चातून होणे गरजेचे आहे. आईच्या चाचणीतून मुलीला आणि बहिणीला वेळीच इशारा मिळतो. चाळणी चाचणी उपलब्ध नसताना, पुढच्या पिढीतील मृत्यू टाळण्याचा तोच आजचा सर्वांत ठोस मार्ग आहे.