समिती आली, चहा पिऊन गेली



आश्रमशाळेत पोर मेलं की पुढं काय होतं ते आपल्याला पाठ झालंय. पहिल्या दिवशी जीप येते. दुसऱ्या दिवशी अधीक्षक निलंबित. मग चौकशी समिती. ती येणार म्हणून भिंतींना चुना लागतो, संडासाला कडी बसते. साहेब लोक हेडमास्तरच्या खोलीत रजिस्टर बघतात, चहा पितात. पोराचे आईबाप बाहेर झाडाखाली बसलेले, त्यांना कोण विचारतो? पुढं कधीतरी मदतीचा चेक येतो. अहवाल 'वर' जातो आणि वरच राहतो.

2016 साली डॉ. सुभाष साळुंखे समितीनं आश्रमशाळांतले मृत्यू तपासले. पंधरा वर्षांत हजारावर पोरं गेलेली. ताप, साप, पाण्यात बुडून. आणि कित्येकांच्या मरणाचं नीट कारणच कागदावर नाही. त्याच साली बुलढाण्यातल्या पाळा गावच्या आश्रमशाळेत मुलींवर झालेले अत्याचार उघड झाले. किती पाड्यांवर हा अहवाल वाचून दाखवला? आमच्याकडं तर नाही.

गुन्हा कोणी केला हे शोधायचं काम पोलिसांचं, शिक्षा द्यायचं कोर्टाचं. ते झालंच पाहिजे. पण समितीचं काम वेगळं आहे. तिनं विचारायचं: पोरगी दोन दिवस तापानं फणफणत होती तर दवाखान्यात का नेली नाही? गाडी नव्हती, की गाडी होती आणि डिझेल नव्हतं? मुलींच्या वसतिगृहात रात्री बाई अधीक्षक होती का? पद भरलं नव्हतं तर किती वर्षं, आणि ते कोणाच्या टेबलावर अडकलं? पोरगी आधी कोणाला काही बोलली होती का, आणि तिला गप्प कोणी केलं? एक अधीक्षक घरी बसवला की या प्रश्नांतून प्रकल्प कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत सगळे सुटतात. अधीक्षक बदलतो, पोरं त्याच फरशीवर झोपतात.

'अहवाल गोपनीय आहे' असं सांगतील. पोक्सो कायदा अत्याचार झालेल्या मुलाची ओळख झाकायला सांगतो. बरोबरच आहे. नाव, गाव झाका ना! बाकी वाचा. झाकायचं ते पोरीचं नाव, साहेबाची चूक नव्हे.

वनहक्काच्या दाव्यात आपण काय केलं, आठवा. फॉरेस्टवाल्यानं एकट्यानं केलेला पंचनामा आपण मानला नाही. शिवारात आपण फिरलो, म्हाताऱ्यांचे जबाब पुरावा म्हणून लावले. जमिनीला हा न्याय, मग लेकराला का नाही? पेसा कायदा 1996 चा. सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रण ग्रामसभेचं, असं त्यात लिहिलंय. शाळा ही संस्था नाही तर काय आहे?

(आपलंही चुकतं. जूनमध्ये पोर सोडतो ते दिवाळीलाच बघतो. मजुरीपायी जाणं होत नाही हे खरं, पण पाड्यातून पाळीपाळीनं दोघं जण महिन्यातून एकदा गेले तर जमतं.)

येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: चौकशी समितीत ग्रामसभेची दोन माणसं, त्यातली एक बाई. आईबापाचा जबाब त्यांच्या बोलीत, त्यांच्या घरी. अहवाल ग्रामसभेत मराठीत आणि बोलीत वाचायचा. आधीच्या अहवालातलं काय केलं आणि काय नाही, ते प्रकल्प अधिकाऱ्यानं उभं राहून सांगायचं. ठरावावर पोच घ्या, शिक्क्यासकट. एक नक्कल संघटनेच्या ऑफिसात आणून द्या.