ई२०नं ॲव्हरेज पाडलं, मग ईसीयू रिमॅप करून ते परत येतं का?

ऑगस्ट २०२५मध्ये ई२० पेट्रोलवरून सोशल मीडियावर मोठा गदारोळ झाला. पेट्रोलियम मंत्रालयाला खुलासा करावा लागला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १ सप्टेंबरला कोर्टानं याचिका फेटाळली. पण तक्रार काही संपली नाही. नांदेड असो की लातूर, बाईकवाल्या कुणालाही विचारा: "ॲव्हरेज पडलंय, पिकअप पण पहिल्यासारखा नाही." आणि ही तक्रार करणाऱ्याच्या फोनवर आज ना उद्या ते रील येतंच. गाडीला लॅपटॉप जोडलेला, स्क्रीनवर रंगीत तक्ता आणि खाली लिहिलेलं, "रिमॅप करा, पॉवरही वाढवा, ॲव्हरेजही वाढवा."

यातला अर्धा दावा फुगवलेला आहे आणि अर्धा अशक्य आहे. कोणता अर्धा कोणता, हे कळायला आधी ईसीयू काय करतो ते बघू.

ईसीयू म्हणजे इंजिनचा छोटा कॉम्प्युटर. थ्रॉटल किती उघडलाय, इंजिन किती आरपीएमवर आहे, आत येणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान किती, हे तो सेन्सरकडून सतत वाचतो. त्यावरून मुख्यतः दोन गोष्टी ठरवतो: इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा आणि स्पार्क नेमका कधी पाडायचा. ही उत्तरं त्याच्याकडे एक्सेल शीटसारख्या तक्त्यात भरलेली असतात, एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल किंवा दाब. हा तक्ता म्हणजे मॅप. त्यातले आकडे बदलले की झाला रिमॅप.

आकडे बदलायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे फ्लॅश, म्हणजे डायग्नोस्टिक कनेक्टरमधून ईसीयूच्या मेमरीत नवी फाईल लिहायची. हे चालू असताना बॅटरीनं मान टाकली तर ईसीयू तिथंच बंद पडू शकतो. दुसरा म्हणजे पिगीबॅक. बंगळूरूच्या रेस डायनॅमिक्स कंपनीचा पॉवरट्रॉनिक हा त्यातला आपल्याकडं सगळ्यात ओळखीचा. तो मूळ ईसीयूला हात लावत नाही. सेन्सर आणि ईसीयू यांच्या वायरिंगमध्ये बसतो आणि इंजेक्टर-स्पार्कचे सिग्नल बदलून पुढं पाठवतो. काढून टाकला की गाडी होती तशी.

आता ॲव्हरेजचं गणित. एक लिटर शुद्ध पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१. म्हणजे इथेनॉल जवळपास एक तृतीयांशानं कमी. २० टक्के मिसळलं की लिटरमागं सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी होते. आपण आधी ई१० वापरत होतो, त्यामुळं ई१०वरून ई२०वर येताना फरक साडेतीन टक्क्यांचा. ४५चं ॲव्हरेज देणारी गाडी साधारण साडेत्रेचाळीसवर यावी. मंत्रालयानं चारचाकींसाठी दिलेले आकडेही याच अंगाचे होते: ई१०साठी बनवून ई२०ला जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के घट, बाकीच्यांत ३ ते ६ टक्के.

जी ऊर्जा टाकीतच नाही ती मॅप कुठून आणणार? आकडे कसेही बदला, लिटरमधले मेगाज्यूल वाढत नाहीत. तुमचं ॲव्हरेज ४५वरून थेट ३५वर आलं असेल, तर इथेनॉलवर ढकलण्याआधी टायरमधली हवा, चेन, एअर फिल्टर, प्लग आणि क्लच बघा. दहा किलोमीटरची घट एकट्या ई२०नं होत नाही.

इथं एक उपप्रश्न येतो: ई२०ला लागणारं हवा-पेट्रोलचं प्रमाण वेगळं आहे ना? आहे. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागं १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला साधारण ९, आणि ई२०ला येतं १३.५च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन हवं. पण १ एप्रिल २०२०पासूनच्या बीएस६ गाड्यांत सायलेन्सरच्या पाईपवर ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन जास्त दिसला की ईसीयू स्वतःच इंधन वाढवतो, कमी दिसला की घटवतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात. एका लयीत गाडी चाललेली असते तेव्हा ही दुरुस्ती सतत चालू असते. म्हणून रिमॅपवाल्यानं नुसते तक्त्यातले आकडे वाढवले तर साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर ते गुपचूप परत खाली ओढतो. फरक राहतो तो पूर्ण थ्रॉटलला. तिथं बहुतेक लहान बाईकचा ईसीयू सेन्सरचं न ऐकता थेट तक्त्यावर चालतो.

(कार्बोरेटरच्या गाडीला यातलं काहीच लागू नाही. तिथं ईसीयू इंधन मोजतच नाही, मिस्त्री जेट बदलतो. बजाजनं २००७मध्ये पल्सर २२० फ्युएल इंजेक्शनसह आणली आणि २००९मध्ये तीच गाडी कार्बोरेटर लावून स्वस्तात विकली. तेव्हा हे तंत्र इतकं महाग होतं. त्यामुळं जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीला कुणी "रिमॅप" करून देतो म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा.)

मग पॉवर? ती वाढते, पण रीलमधल्यासारखी नाही. हे "स्टेज वन"चं वेड कारकडून आलंय. टर्बो डिझेल कारमध्ये सॉफ्टवेअरनं बूस्ट वाढवता येतो, म्हणून तिथं २०-३० टक्के वाढ दिसते. आपल्या १५०-२०० सीसी बाईकला टर्बो नाही. सिलिंडरमध्ये जेवढी हवा जाते तेवढीच जाणार. कंपनीनं प्रदूषणाच्या नियमासाठी मिश्रण जिथं पातळ ठेवलंय आणि स्पार्क जिथं मागं धरलाय, तेवढीच जागा हातात उरते. ती साधारण ५ ते १० टक्के. १६ अश्वशक्तीच्या गाडीत म्हणजे एक, फार तर दीड. तरीही रिमॅप केलेली गाडी चालवणारा खोटं बोलत नसतो. थ्रॉटल हलका झालेला, कमी रेसला बसणारे झटके गेलेले, रेव्ह लिमिटर पुढं सरकलेला, हे हाताला लगेच जाणवतं. फक्त ती पॉवर नसते, प्रतिसाद असतो.

टीव्हीएसच्या अपाचे आरआर ३१०नं २०२०मध्ये हेच उघडपणे करून दाखवलं. स्पोर्ट आणि ट्रॅक मोडमध्ये ३४ पीएस, अर्बन आणि रेनमध्ये २५.८ पीएस. इंजिन तेच, बटण दाबलं की मॅप बदलतो. पण हे सगळे मॅप कंपनीनं तपासलेले आणि मंजूर करून घेतलेले आहेत.

गल्लीतल्या फाईलचं तसं नसतं, आणि खरा धोका आपल्या हवेत आहे. स्पार्क लवकर पाडला की पॉवर वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढं मिश्रण स्वतःच भडकतं, टकटक आवाज येतो. हे नॉकिंग. ई२०चा ऑक्टेन जास्त असतो, म्हणून थोडी सूट मिळते, हे खरं. पण मे महिन्यात नांदेडला पारा ४२-४३वर असताना सिग्नलला उभ्या गाडीच्या इंजिनभोवतीची हवा त्याहून तापलेली असते, आणि बहुतेक लहान बाईकना नॉक सेन्सर नसतो. कार ऐकून स्पार्क मागं घेते. तुमच्या बाईकला ऐकू येत नाही. बंगळूरूच्या थंड हवेत डायनोवर बनलेली फाईल, किंवा कुणाकडून तरी आलेली फाईल, लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड असा भर दुपारी पूर्ण थ्रॉटलचा रस्ता सहन करेलच असं नाही. पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. "आपल्या भागाच्या उंचीसाठी खास मॅप" असंही कुणी विकत असेल तर हसून सोडा. लातूर सहाशे मीटरच्या आसपास, नांदेड साडेतीनशेच्या. एवढा दाबाचा फरक ईसीयू रोज स्वतःच सांभाळतो.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ला सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका प्रकरणात हे ठासून सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम ५२ सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही, आणि रस्त्यावर उभा पोलीस मॅप वाचू शकत नाही. त्याला सायलेन्सर दिसतो, म्हणून कारवाई सायलेन्सरवर होते. पीयूसीही गाडी उभी असताना, आयडलिंगला होते. पूर्ण थ्रॉटलचा मॅप कितीही धूर सोडणारा असला तरी तिथं पास होतो. पण न पकडलं जाणं म्हणजे परवानगी नव्हे. वॉरंटीच्या क्लेमला किंवा विम्याच्या सर्व्हेला गाडी उघडली जाते तेव्हा हा फरक महागात पडतो. अनेक ईसीयूंत बाहेरून फ्लॅश झाल्याची खूण राहते. एप्रिल २०२५पासूनच्या ओबीडी-२बी गाड्या तर मिसफायर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवरही नजर ठेवतात.

मला यात खटकतं ते वेगळंच. ज्या दुरुस्तीसाठी पोरं हजारो रुपये मोजायला तयार आहेत, ती दुरुस्ती कंपन्यांना माहीत आहे. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात टप्पे स्पष्ट होते: एप्रिल २०२३पासून ई२० सहन करणारे रबर-धातूचे भाग पण इंजिन ई१०ला ट्यून केलेलं, आणि एप्रिल २०२५पासून ई२०लाच ट्यून केलेलं इंजिन. म्हणजे नव्या गाड्यांचा मॅप कारखान्यातच बदलायचा होता. मधल्या काळात हप्त्यावर गाडी घेतलेल्यांना मात्र पंपावर ई२० मिळतं आणि ईसीयूत ई१०चा तक्ता आहे. लातूर-नांदेडचा ऊस इथेनॉलला जातो, त्याचा पैसा इथं येतो, हे चांगलंच. पण ते इथेनॉल जाळणाऱ्या गाडीचा मॅप जुळवण्याचा खर्च गाडीवाल्यानंच का करायचा?

रस्त्यावरच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर कंपनीनं बदलल्याचं उदाहरण आपल्याकडं आहे. २०१५मध्ये फोक्सवॅगनचा सॉफ्टवेअर घोटाळा अमेरिकेत उघड झाला. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात सापडल्या. पुण्याच्या एआरएआयनं इथल्या गाड्या तपासल्या आणि त्याच डिसेंबरमध्ये कंपनीनं भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलवायचं जाहीर केलं. तिथं कारण चोरी होतं, इथं धोरण आहे. काम तेच, डायग्नोस्टिक कनेक्टरला केबल लावून नवी फाईल टाकणं.

तुमची गाडी एप्रिल २०२० ते मार्च २०२५मधली असेल, तर पुढच्या सर्व्हिसला सर्व्हिस ॲडव्हायझरला विचारा: ईसीयूत सध्या कोणतं सॉफ्टवेअर व्हर्जन आहे, आणि ई२०साठी नवं कॅलिब्रेशन आलंय का? उत्तर तोंडी घेऊ नका. जॉब कार्डवर लिहून घ्या. "नाही" असेल तर तेही.