खिळ्यांपासून महाजालापर्यंत

रत्नागिरीत १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध असताना स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची जी चळवळ उभारली, ती मराठी माणसाला ठाऊक आहे. 'दिनांक', 'महापौर', 'दूरध्वनी' हे शब्द वापरताना त्यांच्या जनकाचे स्मरण होवो न होवो, शब्द रुळले आहेत. त्याच चळवळीची धाकटी बहीण असलेली लिपिशुद्धी मात्र विस्मृतीत गेली. वस्तुतः आजच्या महाजालाच्या युगात अधिक विचार करावा अशी तीच आहे.

तेव्हाचा प्रश्न छापखान्याचा होता. रोमन लिपीचे काम थोडक्या खिळ्यांत भागत असे. देवनागरीला मात्र जोडाक्षरे, वेलांट्या, उकार धरून शेकडो खिळे लागत. जुळाऱ्याचे श्रम वाढत, छपाई महाग पडे आणि स्वदेशी विचारांचा प्रसार मंदावे. यावर सावरकरांनी सुचविलेल्या उपायांपैकी एक म्हणजे 'अ'ची बाराखडी. इ, ई, उ ही स्वतंत्र अक्षरे गाळून 'अ'लाच वेलांटी, उकार लावून अि, अी, अु असे लिहावे. राजकारणात दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या काकासाहेब कालेलकरांच्या वर्तुळातही हीच बाराखडी चालली, हा योगायोग मोठा बोलका आहे. हेतू थोर होता. पण समाजाने ती स्वीकारली नाही. यंत्रासाठी लिपी बदलावी हे लोकमानसाला पटले नाही.

पुढे यंत्र बदलले, पेच तोच राहिला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील दोन संगणकांमध्ये पहिला संदेश धाडला गेला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा कोसळली. त्या दोन रोमन अक्षरांतून वाढलेल्या जाळ्याला १ जानेवारी १९८३ पासून एकच संपर्कनियम लागू झाला. १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी माहितीची पाने परस्परांस जोडण्याची योजना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी 'सर्न' या संशोधनसंस्थेने ते तंत्र विनामूल्य जगाच्या हाती दिले. भारतात शिक्षणसंस्थांपुरते जाळे १९८६ पासून विणले जात होते. सर्वसामान्यांसाठी ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. मुहूर्त स्वातंत्र्यदिनाचा, पण पडद्यावरची लिपी परकी! कारण त्या संगणकांच्या मूळ वर्णसंचात जागा होत्या अवघ्या १२८, आणि त्या सगळ्या इंग्रजीच्या गरजांनी व्यापलेल्या.

भारतीय प्रतिभा याबाबत निद्रिस्त नव्हती, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या 'सी-डॅक'ने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम हाती घेतले. १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय लिप्यांचे राष्ट्रीय मानक ठरले. जगातील साऱ्या लिप्यांना सामावणारे 'युनिकोड' त्याच वर्षी आले, तेव्हा त्यातील देवनागरीची मांडणी 'इस्की'च्याच आधीच्या आराखड्यावर बेतलेली होती. परक्यांनी काही फुकट दिले, असा समज त्यामुळे नसावा.

मानक होते, पण ते पाळण्याची शिस्त नव्हती. नव्वदच्या दशकात प्रत्येक वृत्तपत्राने, प्रत्येक विक्रेत्याने आपापला टंक काढला. रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे नुसते चित्र बसवायचे, एवढेच त्यातले तंत्र. ज्याच्याकडे तो टंक नाही, त्याला 'ज्ञानेश्वर' या नावाच्या जागी रोमन चिन्हांचा काला दिसे. त्या मजकुरात शोध घेता येत नसे, तो दुसऱ्या संगणकावर नेता येत नसे. एकाच भाषेचे लेखन शेकडो कुलपांत बंद झाले, आणि प्रत्येक कुलपाची किल्ली निराळ्या दुकानात! त्या काळातील कितीतरी दिवाळी अंक, स्मरणिका आणि संस्थांची इतिवृत्ते आजही अशाच अवस्थेत जुन्या चकत्यांवर पडून आहेत. छापील प्रत हरवली असेल, तर तो मजकूर गेल्यातच जमा.

युनिकोडने कुलूप काढले. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू होऊ शकला तो याच पायावर. मराठीच्या खास गरजाही हळूहळू मान्य झाल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. ते राखणाऱ्या ऱ्हस्व रफाराला नियमांत स्थान मिळाले. 'ॲ' हे अक्षर २००८ मध्ये स्वतंत्रपणे दाखल झाले. ज्या लिपीला छापखान्यासाठी कात्री लावावी असे थोरामोठ्यांना वाटले, तिच्यासाठी अखेर यंत्रालाच वाकावे लागले.

आणि अशा वेळी मराठी कुटुंबांत काय दिसते? सुशिक्षित घरातला मुलगा आजीला भ्रमणध्वनीवरून संदेश पाठवतो तो रोमन अक्षरांत. तंत्राची अडचण हे कारण आता उरलेले नाही. आहे तो केवळ आळस. २०१४ पासून संकेतस्थळाचा पत्ताही देवनागरीत, '.भारत' असा घेता येतो. पण मराठी संस्थांच्या पाट्यांवर तो क्वचितच दिसतो. आपल्या शाखा-संस्थांचे कार्यवृत्त तरी युनिकोडमध्ये आहे का, याची चौकशी कार्यकर्त्यांनी घरापासूनच करावी.

रत्नागिरीपुरते पाहिले, तर काम डोळ्यांसमोर आहे. येथील नगर वाचनालय १८२८ सालचे. मुद्रित मराठीच्या बाल्यावस्थेपासूनचे ग्रंथवैभव या भूमीने जपले आहे. आणि जे मुद्रित नाही तेही थोडे नाही. कोकणातील जुन्या घरांच्या माळ्यावर रुमालांत बांधलेले मोडी कागद आहेत : खोतीचे हिशेब, इनामांचे तंटे, देवस्थानांच्या याद्या. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली आहे. मोडी वाचणारे मात्र वर्षागणिक कमी होत आहेत, आणि पावसाळ्यातली ओल व वाळवी कोणासाठी थांबत नाहीत. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात दापोली-मंडणगडच्या घरांची छपरे उडाली, तेव्हा अशा किती माळ्यांवरचे रुमाल भिजले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.