शेवटची गाडी

नोव्हेंबरमधला रविवार, थंडी नुकती पडायला लागलेली, आणि अकरा गाड्या सकाळी सहाला कात्रजच्या पुढे जमलेल्या. एवढ्यावरच आमच्यासारख्या आठवडाभर क्युबिकलमध्ये कुजणाऱ्या माणसांचा जीव हरखतो. बेत नेहमीचाच. कापूरहोळला हायवे सोडायचा, भोर, आंबाडे, मांढरदेवीचा घाट चढून पलीकडे वाई, कृष्णेच्या घाटावर अर्धा तास लोळायचं आणि जेवून हायवेनं परत. पुण्यातल्या निम्म्या बाईकवाल्यांना हा रस्ता पाठ आहे. पुढे कोण? तर अस्मादिक. दोन वर्षं लीड करतोय आणि आपण लई जबाबदार लीडर आहोत असा माझा ठाम समज होता. हेल्मेटशिवाय कुणाला घेत नाही, गावातून तीसच्या वर जात नाही, उगाच हॉर्न नाही की सायलेन्सरचे फटाके नाहीत. बाकीच्या टोळ्या बघून नाकं मुरडायला आम्ही पुढे!

तर झालं असं, की भोर सोडल्यावर एक छोटं गाव लागलं. भाताची काढणी आटपत आलेली, रस्त्याच्या कडेला पेंढ्यांचे भारे, डांबरावर पडलेला पेंढा, मधूनच एखादी शेळी. मी शहाण्यासारखा तीसवर आलो, गाव ओलांडलं आणि पुढचा मोकळा रस्ता दिसल्यावर गाडी सत्तरवर नेली. घाटाच्या पायथ्याशी टपरीवर थांबलो. चहा आला. मोजलं तर दहा. अकरावा म्हणजे आमच्या टीममधला फ्रेशर, पहिल्यांदाच आलेला, रोज ऑफिसला आणतो तीच १२५ सीसीची गाडी घेऊन. "येईल रे, फोटो काढत असेल," असं कुणीतरी म्हणालं, आणि आम्ही दुसरा चहा सांगितला. हा दुसरा चहा मला अजून आठवतो.

वीस मिनिटांनी मागे फिरलो. त्याच गावात, एका घराच्या पडवीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर हा बसलेला. मनगट सुजून टम्म, गुडघ्यावर जीन्स फाटलेली. पेंढ्याचा भारा डोक्यावर घेतलेली एक आजी रस्ता ओलांडत होती, यानं ब्रेक दाबला, पुढचं चाक पेंढ्यावरून सरकलं आणि गाडी आडवी. गाडी घासत आजींच्या पायापासून वीतभर अंतरावर थांबली. वीतभर! आजी त्याला पाणीही पाजत होत्या आणि शिव्याही घालत होत्या, दोन्ही एकाच दमात. "तुझी आय वाट बगत आसंल का न्हाई घरी? कुटं पळत हुतास रं यवडा?"

त्यावर तो फक्त एवढंच म्हणाला, "सगळे दिसेनासे झाले होते."

शेजारी उभे असलेले एक काका मात्र माझ्याकडे बघून बोलले. "दर रविवारी बघतो आम्ही. तुमचा पुढचा शिस्तीत जातो. मागचा पिसाळल्यासारखा. तुम्ही आपसात काय ठरवून येता का?"

हॉस्पिटल, एक्स-रे, मनगटाला फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. वाई राहिलं. पण काकांचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून रात्री कागद घेऊन बसलो. (इंजिनिअर माणसाला पश्चात्ताप झाला की तो गणित करतो.)

अकरा गाड्या, दोन गाड्यांमध्ये दोन-दोन सेकंदांचं अंतर. म्हणजे पहिली आणि शेवटची यांच्यात वीस सेकंद. तीसच्या वेगानं वीस सेकंदांत साधारण १६५ मीटर होतात. म्हणजे मी गावाबाहेर पडून मूठ पिळली तेव्हा शेवटची गाडी १६५ मीटर मागे, भर गावात होती. आता मागचा माणूस काय बघतो? गावाची हद्द नाही बघत, पुढच्याचा टेललाईट बघतो. मी पिळली की दुसरा पिळतो, दुसऱ्यानं पिळली की तिसरा. शेवटच्यापर्यंत हा निरोप पोचतो तेव्हा त्याच्या आजूबाजूला घरं, पोरं, शेळ्या आणि आजी असतात. त्यात प्रत्येकाचा निर्णय थोडा उशिरा होतो, ती तूट शेवटच्याच्या खात्यात जमा होते आणि भरून काढायला त्याला माझ्याहून जोरात जावं लागतं. मी सत्तरनं निवांत चाललेला असताना तो ऐंशीनं धडपडत असतो, तेही सगळ्यात लहान गाडीवर आणि सगळ्यात कमी अनुभवावर.

आणि वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही. ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. बारावीचं फिजिक्स आहे हे, सगळ्यांनी मार्क मिळवलेत यात.

थोडक्यात, गावातून तीसनं जाणारा मी सभ्य लीडर, पण गाव संपल्या संपल्या पिळलेली माझी मूठ हाच त्या पोराचा गावातला वेग होता. शिस्त माझी, धोका त्याचा, आणि त्याच्याहून जास्त त्या आजींचा, ज्यांनी आमच्या राईडला नावसुद्धा नोंदवलेलं नव्हतं.

यावर ग्रुपमध्ये भांडण झालं. एकाचं म्हणणं, "सगळे घोडे झालेत, ज्याची त्याची जबाबदारी. झेपत नाही तर पळवायची नाही." ऐकायला बरोबर वाटतं. पण मग एकत्र कशाला जायचं? एकट्यानं जाणारा माणूस आपल्या वेगानं जातो. ग्रुपमध्ये आलेल्याला मागे पडायची लाज वाटते आणि चुकायची भीती वाटते. ही लाज आणि भीती आपण तयार केलेली असते, तेव्हा जबाबदारीही आपलीच. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. त्यातले किती "सगळे दिसेनासे झाले होते" म्हणून गेले, याचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो.

मला जे पटलंय ते असं. गाव संपलं म्हणजे लीडरचं गाव संपलं असं नाही, शेवटच्या गाडीचं संपलं पाहिजे. ती गावाबाहेर आली हे आरशात दिसेपर्यंत मूठ पिळायची नाही. सगळ्यात नवखा माणूस लीडरच्या लगेच मागे, म्हणजे लीडरला त्याच्याच वेगानं जावं लागतं. सगळ्यात मुरलेला शेवटी. प्रत्येक फाट्यावर एकानं थांबायचं आणि शेवटची गाडी गेल्याशिवाय हलायचं नाही, म्हणजे चुकायची भीतीच संपली. आणि सहाच्या वर गाड्या असतील तर सरळ दोन तुकड्या. अकरा गाड्यांची रांग फोटोत झकास दिसते, पण आरशात मावत नाही.

यातलं काहीही मी शोधलेलं नाही. जुने रायडर वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत. मी ते ऐकलंही होतं, फक्त "आपल्याला काय गरज" या कप्प्यात टाकलं होतं.

राईड मजेची राहणार नाही, अशी तक्रार आहेच. असेलही. वाईला तासभर उशिरा पोचू. पण कृष्णेचा घाट कुठे पळून जात नाही, आणि सोमवार तर आपण कितीही हळू गेलो तरी वेळेवर येतोच.

असो. प्लास्टर जानेवारीत निघेल. पोरगं परत यायचं म्हणतंय, त्याच्या आईची परवानगी अजून पेंडिंग आहे. आला तर दुसऱ्या नंबरवर, माझ्या मागे. आणि त्या गावात थांबायचंय. आजींच्या भाऱ्यातला निम्मा पेंढा आम्ही त्या दिवशी रस्त्यावर तसाच टाकून आलो होतो.