निराशेचे तर्कशास्त्र

‘एका विषयात अनुत्तीर्ण झालो, म्हणजे मी निकामी, म्हणजे पुढेही माझे काही व्हायचे नाही.’ निकालाच्या दिवसांत कित्येक विद्यार्थी मनाशी असाच हिशेब मांडतात. यातील पहिले विधान वस्तुस्थिती आहे, उरलेली दोन केवळ अनुमाने. खिन्न मनाला मात्र तिन्ही सारखीच सत्य भासतात.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात नेमके हेच दाखवून दिले. नैराश्यग्रस्ताचे विचार स्वतः, भोवतालचे जग आणि भविष्य या तिन्हींविषयी प्रतिकूल होतात. ते आपोआप उमटतात आणि त्यांची शहानिशा होत नाही. ती करावयास शिकविणे हाच त्यांच्या उपचारपद्धतीचा गाभा होय.

परंतु म्हणून रुग्णास ‘चांगले विचार कर’ असे बजावणे म्हणजे तापाने फणफणलेल्यास ‘थंड राहा’ म्हणण्यासारखे आहे. विचारांमुळे नैराश्य वाढते, तसे नैराश्यामुळे विचारही काळवंडतात. आनुवंशिकता, दारिद्र्य, वियोग यांचाही त्यात वाटा असतो. तेव्हा दोष रुग्णाच्या माथी मारता येणार नाही. तज्ज्ञाची मदत आणि प्रसंगी औषधे ही लागतातच.

शिक्षकांनी एवढे तरी करावे : शेरा उत्तरपत्रिकेवर मारावा, विद्यार्थ्यावर नव्हे. उत्तर चुकले हे सांगणे त्यांचे कर्तव्यच आहे. ‘तुझ्या हातून काही होणार नाही’ हे भाकीत वर्तविणे नव्हे. असली भाकितेच पुढे मुलाच्या मनात त्याच्या स्वतःच्या आवाजात बोलू लागतात.