टपालपेटीची किल्ली

स्मरणिकेसाठी एखाद्या वैद्यकीय विषयावर लिहावे, अशी संपादकांची अपेक्षा होती. मी ई-मेलवर लिहीत आहे. आणि हा विषय आपल्या व्यवसायाबाहेरचा नाही, हेच मला सांगायचे आहे.

इंदुरातील माझ्या छोट्या रुग्णालयासाठी मी स्वतंत्र डोमेन घेतले, तेव्हा संगणकावर ई-मेल सुरू करून देण्याचे काम एका होतकरू तरुणावर सोपवले. त्याने ते पंधरा मिनिटांत केले. पत्रे येऊ-जाऊ लागली आणि मी निश्चिंत झालो. काही वर्षांनी हार्ड डिस्क बिघडली आणि प्रयोगशाळांकडून आलेले सारे अहवाल तिच्याबरोबर गेले. त्याच महिन्यात, पूर्वी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या एक बाई पुढील उपचारांसाठी मुंबईला निघाल्या होत्या. त्यांना जुना बायॉप्सीचा अहवाल हवा होता. ती प्रयोगशाळाही तोवर बंद झाली होती. ‘डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे तर असेलच ना?’ हा त्यांचा प्रश्न अजून माझ्या कानांत आहे.

चूक कोणाची? त्या तरुणाने खाते ‘पॉप’ पद्धतीने जोडले होते आणि सर्व्हरवर प्रत ठेवण्याच्या पर्यायावर खूण केली नव्हती. अशा जोडणीत पत्र संगणकावर उतरते आणि सर्व्हरवरून पुसले जाते. ‘आयमॅप’ पद्धतीत मूळ पत्र सर्व्हरवरच राहते. दवाखान्यातील संगणक, घरचा संगणक आणि मोबाइल, तिन्हींवर तेच दिसते. हा भेद त्याने मला सांगितला नाही हे खरे. पण मीही विचारले नाही. रुग्णाला संमतिपत्र वाचून दाखवल्याशिवाय शस्त्रक्रियेला हात न लावणारा मी, येथे मात्र न वाचताच संमती देऊन मोकळा झालो होतो.

पुढे एका रविवारी मी स्वतः थंडरबर्डमध्ये खाते जोडले. होस्टिंग कंपनीच्या पत्रात सर्व्हरची नावे होती. वापरकर्त्याचे नाव म्हणून पूर्ण ई-मेल पत्ता, येणाऱ्या टपालासाठी आयमॅप, पोर्ट ९९३, जाणाऱ्या टपालासाठी एसएमटीपी, पोर्ट ४६५, दोन्हीकडे एसएसएल. टपाल येऊ लागले, पण जाईना. जाणाऱ्या सर्व्हरलाही पासवर्ड लागतो, हे तासाभराने उमगले. एवढेच ते शास्त्र! हृदयालेख वाचणाऱ्या माणसाला ते अवघड नाही.

‘आमच्याकडे त्यासाठी माणूस आहे,’ असे अनेक सहकारी म्हणतात. माणूस जरूर असावा; पण डोमेनची नोंदणी कोणाच्या नावे आहे, नूतनीकरण केव्हा आहे आणि पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहे, हे डॉक्टरांना माहीत असलेच पाहिजे. माणूस नोकरी सोडून जातो. रुग्णाचा विश्वास आपल्यापाशीच राहतो. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपाव्यात आणि मागणी आल्यास ७२ तासांत द्याव्यात, असे भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची नियमावली सांगते. ‘डिस्क बिघडली’ हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही.

आयमॅप म्हणजे सर्व दुखण्यांवरचे औषध, असेही कोणी समजू नये. एका ठिकाणी पुसलेले पत्र सगळीकडून पुसले जाते. म्हणून महत्त्वाचे अहवाल मी दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर उतरवतो आणि ती डिस्क कुलपात ठेवतो.

आपल्या मंडळात औषधांवरील व्याख्याने नेहमीच होतात. वर्षातून एक संध्याकाळ या विषयासाठी राखावी, अशी माझी विनंती आहे. तरुण सभासदांनी शिकवावे, आम्ही ज्येष्ठांनी संकोच सोडून शिकावे. त्या बाईंना मी ‘नाही’ म्हणालो, तेव्हा त्यांनी मला दोष दिला नाही; त्या फक्त ‘बरं’ म्हणाल्या आणि उठल्या. तसे ‘बरं’ ऐकण्याची वेळ आपल्यापैकी कोणावरही न येवो.